साखळीत दहावा, तरी विजेता: एसीसी स्पर्धेचा सत्तर वर्षांचा हिशेब

प्रश्न असा आहे: नॉर्थ कॅरोलायना स्टेट (एनसी स्टेट) विद्यापीठात एमएस करायला आलेल्या एका विद्यार्थ्याला कळत नाहीये की 2024 मध्ये साखळीत दहावा आलेला त्याच्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ 'एसीसीचा विजेता', म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाचा विजेता, कसा ठरला. वीस साखळी सामने झाल्यावर पुन्हा पाच दिवसांची बाद फेरी कशाला, ही पद्धत आली कुठून, आणि हा सगळा तिकीटविक्रीचाच मामला आहे का, असं त्याने विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, गल्ल्याचा विचार पहिल्या दिवसापासून होता. पण नुसत्या गल्ल्यावर कुठलीही स्पर्धा सत्तर वर्षं लोकांच्या जिवाला लागून राहत नाही. ही राहिली, कारण पहिली एकवीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेला जायचा तो एकच रस्ता होता. 1975 मध्ये दुसरा रस्ता निघाला आणि स्पर्धेचा अर्थ बदलला. या दोन काळांतला फरक कळला की बाकीचं आपोआप कळतं.

मी पुण्यात खेळलो आणि गेली बरीच वर्षं इथे रॉलीजवळ शाळेच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडं प्रशिक्षकाच्या अंगाने जाईल.

रचना माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. अमेरिकेत साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं पहिल्या दर्जाचं बास्केटबॉल खेळतात. ती वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये वाटलेली असतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत आधी पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय असं असतं, त्यातल्या विभागासारखंच हे, फक्त इथे गट सरकारी नकाशावर ठरत नाही, विद्यापीठं आपापसात करार करून ठरवतात आणि करार मोडून निघूनही जातात. हिवाळाभर कॉन्फरन्सची साखळी चालते. मार्चमध्ये कॉन्फरन्सची बाद फेरी होते आणि तिच्या विजेत्याला एनसीएएच्या (महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना) 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसीच्या नियमावलीत विजेता म्हणजे या बाद फेरीचा विजेता. साखळीत पहिला येणाऱ्याला अव्वल मानांकन मिळतं, बस. आयपीएलच्या गुणतक्त्यात पहिला आलेला संघ जसा आपोआप चषक उचलत नाही, तसंच. फरक एवढाच की आयपीएलच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये हरलेल्याला आणखी एक संधी असते. इथे एक हार आणि बॅग भरा.

आता मूळ पुरुष. एव्हरेट केस. इंडियाना राज्यातल्या फ्रँकफर्ट गावाच्या शाळेला चार वेळा राज्यविजेतेपद मिळवून दिलेला हा माणूस 1946 मध्ये एनसी स्टेटला आला. तेव्हा नॉर्थ कॅरोलायना फुटबॉलवाल्यांचं राज्य होतं. बास्केटबॉल म्हणजे हिवाळ्यात वेळ घालवायचं साधन. केसने येताना इंडियानाची पोरं आणली, पळता खेळ आणला आणि इंडियानातल्या शाळांची एक रीतही आणली. 1947 मध्ये सदर्न कॉन्फरन्स जिंकल्यावर त्याच्या मुलांनी शिडी लावून रिंगची जाळी कापून घेतली. आज अमेरिकेत प्रत्येक विजेता संघ हेच करतो. दक्षिणेत ते रुजवलं या गृहस्थाने.

एनसी स्टेटच्या आवारात एका मोठ्या क्रीडागृहाचा सांगाडा युद्धामुळे अर्धवट उभा होता. केसला ते लहान वाटलं. शेजारच्या ड्यूकच्या क्रीडागृहापेक्षा आपलं मोठं असलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. पण लोखंडी सांगाड्याची रुंदी आधीच ठरून गेलेली, मग लांबी वाढवली. म्हणून 1949 मध्ये उघडलेलं 12,400 आसनांचं रेनॉल्ड्स कोलिझियम, 2016 मध्ये नूतनीकरण होऊन आसनं कमी होईपर्यंत, आतून लांबुडकं दिसायचं: दोन्ही रिंगांच्या मागे खुर्च्यांचा डोंगर आणि बाजूला मात्र अरुंद पट्टी. एका टोकाच्या सगळ्यात वरच्या रांगेत बसलं, की समोरची रिंग पाहायला दुर्बीण लागायची. तिथे दिव्यांचा एक ध्वनिमापकही होता. प्रेक्षक जितके ओरडतील तितके दिवे वर चढायचे. ते दिवे आवाजाने नव्हे, एका माणसाच्या हाताने चढायचे, असं इथले जुने लोक हसत सांगतात. केस हा असा विक्रेता होता.

एसीसी जन्मली 8 मे 1953 रोजी, ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्डमध्ये. सदर्न कॉन्फरन्स तेव्हा सतरा विद्यापीठांची झाली होती, आणि फुटबॉलच्या मोसमाअखेरच्या निमंत्रित सामन्यांना तिने घातलेली बंदी मोठ्यांना मान्य नव्हती. क्लेम्सन, ड्यूक, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना (राज्याच्याच नावाचं, पण एनसी स्टेटहून वेगळं विद्यापीठ), एनसी स्टेट, साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट अशा सात जणांनी बाहेर पडून वेगळी चूल मांडली. व्हर्जिनिया त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. म्हणजे भांडण फुटबॉलचं, पण त्यातून नाव झालं बास्केटबॉलचं. सदर्न कॉन्फरन्समध्ये मोसमाअखेरची बाद फेरी 1920 च्या दशकापासून होतीच, आणि केसने 1947 ते 1952 अशी सलग सहा वर्षं ती जिंकलेली. ती प्रथा नव्या घरात तशीच आली.

बाद फेरीला एक व्यवहारी कारणही होतं, ते लोक विसरतात. त्या काळी सगळे संघ एकमेकांशी सारखे सामने खेळत नसत. पहिल्याच मोसमात ड्यूक दहा साखळी सामने खेळून 9-1 ने (नऊ विजय, एक हार) पहिलं आलं, तर एनसी स्टेट आठच खेळून 5-3 वर राहिलं. असा गुणतक्ता बघून विजेता ठरवायचा कसा? त्यापेक्षा गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आठ संघ, तीन दिवस, काय तो निकाल लावा. 1954 च्या पहिल्या स्पर्धेत स्टेटने नॉर्थ कॅरोलायनाला 52-51, ड्यूकला 79-75 आणि अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला जादा वेळेत 82-80 असं हरवलं. म्हणजे साखळीत खाली राहिलेल्याने वरच्यांना गुंडाळण्याचा प्रकार 2024 चा नाहीच, तो पहिल्या वर्षापासूनचा आहे. आणि योगायोग पाहा, संघही तोच.

मात्र एक गोष्ट न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. पहिल्या तेरा स्पर्धा, 1954 ते 1966, एनसी स्टेटच्या स्वतःच्या कोर्टवर झाल्या. त्यातल्या पाच स्टेटने जिंकल्या. पुढे ग्रीन्सबरो आणि शार्लट आली, पण तीही नॉर्थ कॅरोलायनातलीच शहरं. 1975 पर्यंतच्या बावीस स्पर्धांपैकी वीस नॉर्थ कॅरोलायनाच्या चार विद्यापीठांनी नेल्या. अपवाद दोनच: 1958 मध्ये मेरीलँड आणि 1971 मध्ये साउथ कॅरोलायना. 1976 मध्ये स्पर्धा पहिल्यांदा राज्याबाहेर, मेरीलँडमधल्या लँडोव्हरला गेली आणि लगेच व्हर्जिनियाने सहाव्या मानांकनावरून येऊन आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. बाहेरची विद्यापीठं 'यजमानांना झुकतं माप' म्हणून जी कुरकुर करत होती ती उगाच नव्हती.

आता त्या एकुलत्या एका रस्त्याबद्दल. 1974 पर्यंत एनसीएए प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ घ्यायची. एसीसीने तो संघ म्हणजे आपल्या बाद फेरीचा विजेता असं ठरवून टाकलं. बाकी बहुतेक मोठ्या कॉन्फरन्स साखळीत पहिला येणाऱ्याला पाठवत होत्या. याचा अर्थ काय ते 1957 च्या उपांत्य सामन्यात दिसलं. फ्रँक मॅग्वायरचा नॉर्थ कॅरोलायनाचा संघ त्या मोसमात एकही सामना हरलेला नव्हता. वेक फॉरेस्टशी चौथ्यांदा गाठ पडली आणि शेवटच्या मिनिटात संघ एका गुणाने मागे. लेनी रोझेनब्लुथने हूक शॉट मारला, त्यावर फाउल झाला, फ्री थ्रोही गेला. 61-59. तो चेंडू रिंगवरून बाहेर पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पुढे त्यांनी विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन जादा वेळांनंतर 54-53 ने हरवून 32-0 असा मोसम संपवला. तो राष्ट्रीय सामना सी. डी. चेस्ली या निर्मात्याने नॉर्थ कॅरोलायनात दूरचित्रवाणीवर दाखवला आणि राज्याला वेड लागलं. त्यानंतर एसीसीचे सामने घरोघरी दिसू लागले. स्पर्धेच्या शुक्रवारी शाळांत वर्गात टीव्ही ढकलत आणायचे आणि गणिताच्या तासाला मुलं मॅच बघायची. माझ्या वयाच्या कुठल्याही स्थानिक माणसाला विचारा, डोळे चमकतात.

नियम कडक असला की लोक त्यातून वाटा काढतात. 1959 मध्ये एनसी स्टेटवर एनसीएएची बंदी होती, त्यामुळे अंतिम सामना हरलं तरी नॉर्थ कॅरोलायनाच पुढे जाणार हे ठरलेलं. मॅग्वायरने सरळ आपले मुख्य खेळाडू बसवून ठेवले आणि 80-56 असा मार खाल्ला. प्रेक्षक चिडले. प्रशिक्षक म्हणून मला त्याचा निर्णय पटतो. तिकीट काढून आलो असतो तर मीही शिव्याच घातल्या असत्या.

केसचा शेवटही याच स्पर्धेत झाला. आजारपणामुळे 1964-65 च्या मोसमात सुरुवातीच्याच सामन्यांनंतर त्याने प्रेस मॅराव्हिचकडे संघ सोपवला. मार्चमध्ये स्टेटने ड्यूकला 91-85 असं हरवलं. राखीव बाकावरून आलेल्या लॅरी वर्सलीने 30 गुण केले. मुलांनी केसला खांद्यावर उचललं आणि जाळीचा शेवटचा धागा त्याच्या हातून कापून घेतला. पुढच्या वर्षी तो गेला. रॉलीत महामार्ग 70 च्या कडेला त्याची कबर आहे. डरहॅम, चॅपल हिलकडे सामन्याला जाणाऱ्या आपल्या संघाला हात करता यावा म्हणून त्याने तशी जागा मागितली होती, असं सांगतात. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आजही त्याच्याच नावाने देतात.

1968 ते 1974 ही सात वर्षं माझ्या मते या स्पर्धेचा गाभा आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

1968, शार्लट, उपांत्य सामना. ड्यूकचा संघ चांगलाच वरचढ. एनसी स्टेटचे प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांना ड्यूकच्या उंच खेळाडूला रिंगजवळून बाहेर ओढायचं होतं. ड्यूक झोन (रिंगभोवती आपापली जागा धरून केलेला बचाव) सोडून बाहेर येईना. मग स्लोन यांनी चेंडू धरून ठेवायला सांगितलं. शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू रिंगकडे मारायला लावणारं घड्याळ, तेव्हा नव्हतंच. बिल क्रेट्झर हा खेळाडू मध्यरेषेजवळ उभा राहून नुसता चेंडू टप टप आपटत राहिला, मिनिटांमागून मिनिटं. मध्यंतराला ड्यूक 4, स्टेट 2. शेवटी स्टेट 12, ड्यूक 10. टंकलेखनाची चूक नाही, बारा-दहा. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने याच स्टेटचा 87-50 असा धुव्वा उडवला.

हा प्रकार पाहून हसू येतं, पण मी असतो तर काय केलं असतं? एका सामन्यावर सगळा मोसम लागलेला, समोरचा संघ बलवान. सामन्यात चेंडूचे ताबे जितके कमी, तितकी नशिबाला जागा जास्त. सत्तर ताब्यांत चांगला संघ बहुतेकदा जिंकतो. पंधरा ताब्यांत काहीही होऊ शकतं. कमकुवत संघाच्या प्रशिक्षकाने खेळ संथ करायचा, ही युक्ती आजही शॉट क्लॉकच्या आत राहून आम्ही सगळेच वापरतो.

1969 मध्ये चार्ली स्कॉट. नॉर्थ कॅरोलायनाच्या संघात शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अंतिम सामन्यात ड्यूक मध्यंतरापर्यंत पुढे होतं. स्कॉटने एकट्याने 40 गुण केले, त्यातले 28 उत्तरार्धात, आणि सामना 85-74 असा फिरवला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोशला निवडलं गेलं. रोश उत्तम होता यात वाद नाही, पण मतदान करणारे कोण होते आणि काळ कोणता होता, हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं.

मग 1970. मॅग्वायर आता साउथ कॅरोलायनाचे प्रशिक्षक. साखळीत 14 पैकी 14 सामने जिंकले. त्या वर्षीची एनसीएएची पूर्व विभागाची फेरी कुठे होती? साउथ कॅरोलायनाच्याच घरात, कोलंबियाला. म्हणजे पान वाढलेलं. उपांत्य सामन्यात रोशचा घोटा मुरगळला. अंतिम सामन्यात स्लोन यांच्या एनसी स्टेटने पुन्हा खेळ गोठवला आणि दोन जादा वेळांनंतर 42-39 असा सामना काढला. चौदा विजय मातीत. स्टेट कोलंबियाला जाऊन खेळलं आणि यजमान साउथ कॅरोलायना आपल्याच क्रीडागृहात प्रेक्षक झालं. पुढच्या वर्षी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला 52-51 असं हरवून विजेतेपद घेतलं. शेवटच्या क्षणी जंप बॉलला सहा फूट तीन इंचांच्या केव्हिन जॉइसने सहा फूट दहा इंचांच्या ली डेडमनवर मात करून चेंडू टॉम ओवेन्सकडे टोलवला आणि ओवेन्सने तो रिंगमध्ये टाकला. त्यानंतर काही महिन्यांतच साउथ कॅरोलायना एसीसी सोडून गेलं. प्रवेशाच्या गुणांवरून वाद होता, हे उघड कारण. पण 1970 चा सल त्यात नव्हता असं कुणी म्हणू नये.

आणि 9 मार्च 1974. ग्रीन्सबरो, शनिवार. एनसी स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, मेरीलँड चौथ्या. स्टेटकडे डेव्हिड थॉम्पसन, ठेंगणा मॉन्टी टो आणि सव्वासात फुटी टॉम बर्लसन. मेरीलँडकडे लेन एल्मोर, टॉम मॅकमिलन, जॉन लुकस. थॉम्पसनची उडी अशी की टो रिंगच्या वर चेंडू फेकायचा आणि हा तो हवेत झेलून अलगद आत सोडायचा. अलगद, कारण त्या काळात महाविद्यालयीन खेळात डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये दाबायला, बंदी होती. शॉट क्लॉक नाही, तीन गुणांची रेषा नाही, दोन्ही संघांना सामना संथ करायची मुभा, आणि तरीही दोघे पूर्णवेळ पळत राहिले. एसीसीच्या निवडक संघात सेंटरची जागा एल्मोरला मिळाली होती. बर्लसनने त्याचं उत्तर कोर्टवर दिलं, 38 गुण. जादा वेळेत फिल स्पेन्सच्या लेअपने स्टेट एका गुणाने पुढे गेलं, टोने शेवटच्या क्षणांत दोन फ्री थ्रो घातले. 103-100.

मेरीलँडचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रीझेल सामन्यानंतर स्टेटच्या बसमध्ये चढले आणि त्या मुलांना म्हणाले की तुमचा अभिमान वाटतो, आता राष्ट्रीय विजेतेपद आणा. स्टेटने ते आणलं. उपांत्य सामन्यात सलग सात वर्षं विजेत्या असलेल्या यूसीएलएला दोन जादा वेळांनंतर 80-77 ने घरी पाठवलं. देशातला चौथा संघ मेरीलँड मात्र एनसीएएच्या दारातही गेला नाही. दुय्यम दर्जाच्या एनआयटी स्पर्धेचं निमंत्रण त्यांनी नाकारलं.

पुढच्याच वर्षी एनसीएएने स्पर्धा 32 संघांची केली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही जागा दिली. या एका सामन्यामुळे नियम बदलला असं इथे सर्रास सांगतात. ते थोडं फुगवलेलं आहे. 1971 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया फक्त दोन सामने हरलं, दोन्ही यूसीएलएकडून, आणि तेही घरी बसलं होतं. असंतोष साठत आला होता. पण या सामन्यानंतर जुन्या नियमाची बाजू घ्यायला कुणाला तोंड उरलं नाही, हे खरं.

1975 नंतर हरणं परवडू लागलं. 1980 मध्ये कॉन्फरन्समागे दोन संघांची मर्यादाही उठली आणि त्या वर्षी एसीसीचे पाच संघ आत गेले. मग गंमत अशी झाली की ज्या कॉन्फरन्स अशा स्पर्धेला नाकं मुरडत होत्या, त्याच एकेक करून ती सुरू करू लागल्या: टीव्हीचे पैसे, तिकिटं आणि एक जास्तीचा संघ आत ढकलायची संधी. बिग टेनने 1998 मध्ये सुरू केली. आयव्ही लीग सगळ्यात शेवटी, 2017 मध्ये. तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर या काळाला जास्त लागू पडतं. एसीसीची तिकिटं तर कित्येक दशकं खुल्या विक्रीला येतच नसत. विद्यापीठांना वाटून दिली जायची आणि विद्यापीठं ती मोठ्या देणगीदारांना द्यायची. तिकीट हवं तर आधी देणगीदारांच्या क्लबात नाव घाला. अनेक शिष्यवृत्त्या आणि इमारती अशा तिकिटांच्या आशेवर उभ्या राहिल्या आहेत.

खेळाच्या नियमांवर मात्र या स्पर्धेचा एक ठसा थेट आहे. 1982 च्या अंतिम सामन्यात एकीकडे नॉर्थ कॅरोलायनाचे वर्दी, पर्किन्स आणि पहिल्या वर्षाला असलेला मायकेल जॉर्डन, दुसरीकडे व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन. देशभर थेट प्रक्षेपण. आणि एका गुणाची आघाडी असताना, सात मिनिटांच्या आसपास वेळ शिल्लक असताना डीन स्मिथ यांनी चेंडू धरून ठेवला. व्हर्जिनिया झोन सोडेना. 47-45. टीव्हीवाल्यांनी कपाळाला हात लावला. पुढच्याच मोसमात एसीसीने प्रयोग म्हणून 30 सेकंदांचं शॉट क्लॉक आणि 17 फूट 9 इंचांवर तीन गुणांची रेषा आणली. तीन गुणांचा प्रयोग सदर्न कॉन्फरन्सने 1980 मध्ये आधीच केला होता, त्याचं श्रेय त्यांचं. एनसीएएने देशभरासाठी 45 सेकंदांचं घड्याळ 1985-86 मध्ये आणि रेषा 1986-87 मध्ये घेतली.

त्या प्रयोगाच्या वर्षी, 1983 मध्ये, अटलांटात जिम व्हॅल्व्हानोचं एनसी स्टेट 17-10 अशा कामगिरीवर आलं. स्पर्धा न जिंकता एनसीएएत जागा मिळाली असती की नाही, शंकाच. वेक फॉरेस्टला 71-70, जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत 91-84, सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला 81-78. तिथून थेट राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत. व्हॅल्व्हानोची सगळ्यात मोठी युक्ती मी माझ्या मुलांना नेहमी सांगतो: मागे असताना तो मुद्दाम फाउल करून समोरच्या कच्च्या फ्री थ्रोवाल्याला रेषेवर आणायचा. तीन दिवसांत तिसरा सामना असला की सगळ्यात आधी पाय जातात, आणि फ्री थ्रो हातापेक्षा पायांवर जास्त असतो.

पुढची तीस वर्षं ड्यूकची. माइक शशेव्हस्की यांनी एकट्याने पंधरा विजेतेपदं नेली, त्यामुळे त्या काळाबद्दल लिहायला मला फारसा उत्साह नाही. एक अपवाद: 1995 मध्ये वेक फॉरेस्टच्या रँडॉल्फ चिल्ड्रेसने तीन सामन्यांत 107 गुण केले. अंतिम सामन्यात त्याने क्रॉसओव्हरने (चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन दिलेल्या हुलकावणीने) नॉर्थ कॅरोलायनाच्या जेफ मकिनिसला जमिनीवर पाडलं, हाताने 'ऊठ' अशी खूण केली आणि तीन गुण मारले. शेजारी पुढे एनबीए गाजवलेला टिम डंकन होता आणि तरी लक्ष चिल्ड्रेसवर होतं. 82-80, जादा वेळेत.

कॉन्फरन्स फुगत गेली. जॉर्जिया टेक, फ्लोरिडा स्टेट, मग मायामी, व्हर्जिनिया टेक, बॉस्टन कॉलेज, सिराक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम, लुइव्हिल. मेरीलँड 2014 मध्ये निघून गेलं. 2024 मध्ये तर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया आलं, नावात अटलांटिक असताना प्रशांत किनाऱ्यावरचे संघ. स्पर्धा तीन दिवसांवरून पाच दिवसांची झाली, ब्रुकलिन आणि वॉशिंग्टनपर्यंत फिरून आली. वरच्या चार मानांकितांना दोन फेऱ्या सूट मिळते, बाकीच्यांना चार नाहीतर पाच सामने. 12 मार्च 2020 रोजी ग्रीन्सबरोत फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन कोर्टवर सराव करत असताना करोनामुळे स्पर्धा थांबली आणि साखळीत पहिल्या आलेल्या फ्लोरिडा स्टेटला रिकाम्या क्रीडागृहात चषक दिला गेला. पुढच्या वर्षी ड्यूक आणि व्हर्जिनिया करोनामुळे मध्येच बाहेर पडले.

आता तुमचं 2024. एनसी स्टेट साखळीतले शेवटचे चार सामने हरून 17-14 अशा स्थितीत वॉशिंग्टनला गेलं. एनसीएएसाठी त्यांना कुणी विचारात घेत नव्हतं. म्हणजे त्यांच्यापुरता काळ 1974 चाच होता: जिंका, नाहीतर घरी. लुइव्हिल, सिराक्यूज, मग ड्यूक. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे, पाच सेकंद उरलेले, व्हर्जिनियाच्या नेमबाजाचा फ्री थ्रो चुकला आणि मायकेल ओकॉनेलने पळत येऊन मारलेला चेंडू फळ्यावर आपटून आत गेला. जादा वेळेत 73-65. पाचव्या दिवशी अव्वल मानांकित नॉर्थ कॅरोलायनाला 84-76.

पाच दिवसांत पाच सामने जमले कसे? डी. जे. बर्न्समुळे. हा भारदस्त डावखुरा गडी पाठ लावून पोस्टमध्ये, म्हणजे रिंगच्या जवळ, उभा राहायचा, दोघे अंगावर आले की मोकळ्या गड्याला पास द्यायचा. सगळा हल्ला चालत चालत व्हायचा, धावपळ कमी, पाय वाचायचे. ताज्या संघांना त्यांनी दमवलं नाही, स्वतः दमले नाहीत. संघ पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. स्टेटचं एसीसी विजेतेपद त्याआधीचं 1987 चं होतं, तेव्हा कॅम्पसवर त्या रात्री काय झालं असेल ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

2025 मध्ये एसीसीचे अठरा संघ झाले आणि स्पर्धेत पंधराच घ्यायचे ठरले. खालचे तीन बाहेर: मायामी, बॉस्टन कॉलेज आणि गतविजेतं एनसी स्टेट. शार्लटला अंतिम सामन्यात ड्यूकने लुइव्हिलला 73-62 असं हरवलं. ड्यूकचं ते तेविसावं विजेतेपद. पहिल्या दिवसापासून सदस्य असलेल्या क्लेम्सनकडे तोपर्यंत एकही नव्हतं.